पाच नंबरचा नियम

(बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या, बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या तरुण पदवीधरांच्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. कमांड बोलताना जशा उच्चारल्या तशाच इथे लिहिल्या आहेत.)



मागच्या रविवारी तुमच्यापैकीच कुणीतरी म्हणालं, "दादा, एकदा फायरवॉलवर बोला, इंटरव्ह्यूत विचारतात." इंटरव्ह्यूपुरतं पाहिजे असेल तर पाच मिनिटांत आटपतं. लिनक्सच्या कर्नलमध्येच पॅकेट चाळणारी यंत्रणा आहे, आज तिचं नाव नेटफिल्टर. तिला नियम सांगायची साधनं बदलत गेली. १९९९ च्या २.२ कर्नलसोबत आयपीचेन्स, २००१ च्या २.४ सोबत आयपीटेबल्स, २०१४ च्या ३.१३ पासून एनएफटेबल्स. उबुंटूवर त्याच्यावर यूएफडब्ल्यू नावाचा सोपा मुखवटा असतो. झालं, एवढं पाठ करा.

मला बोलायचंय ते दुसऱ्या एका गोष्टीवर. सर्व्हर चालू आहे, त्यावर आधीच्या लोकांनी लिहून ठेवलेले नियम आहेत, आणि तुम्हाला त्यातला एकच काढायचाय किंवा एकच घालायचाय. बाकीच्यांना धक्का लागता कामा नये. ऐकायला किरकोळ वाटतं. माझी पहिली नोकरी याच्यावरून जाता जाता राहिली.

तेव्हा मला रुजू होऊन तीन महिने झाले होते. एका सर्व्हरवर यूएफडब्ल्यू होतं. वरच्या सरांनी चॅटवर लिहिलं, "तीन आणि पाच नंबरचे रूल काढून टाक." मी यादी बघितली. त्यासाठी कमांड आहे: सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड. समोर असं आलं. एक, पोर्ट ८० सगळ्यांना उघडा. दोन, पोर्ट ४४३ सगळ्यांना उघडा. तीन, पोर्ट ८०८०, कुणीतरी चाचणीसाठी उघडलेला. चार, मॉनिटरिंगच्या यंत्रासाठी. पाच, काम संपवून निघून गेलेल्या एका कंत्राटदाराच्या पत्त्यावरून पोर्ट २२. सहा, आमच्या ऑफिसच्या नेटवर्कवरून पोर्ट २२. पोर्ट २२ म्हणजे एसएसएच, आपण ज्या दारानं सर्व्हरमध्ये शिरतो ते दार.

मी लिहिलं: सुडो यूएफडब्ल्यू डिलीट ३. यंत्रानं विचारलं, खरंच काढू का? मी वाय दाबलं. मग लिहिलं: सुडो यूएफडब्ल्यू डिलीट ५. परत विचारलं, परत वाय.

कुणाच्या लक्षात आलं? तीन नंबर निघाल्याबरोबर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. कंत्राटदाराचा नियम चार नंबरवर गेला आणि ऑफिसचा सहा नंबरचा नियम पाचवर आला. मी ऑफिसचंच दार काढून टाकलं होतं. नोकरी संपलेला माणूस आत येऊ शकत होता आणि पगारावरचे आम्ही बाहेर.

पण हे मला तेव्हा कळलंच नाही, आणि इथे दुसरा सापळा आहे. माझं टर्मिनल चालूच होतं. टाइप करतोय, उत्तर येतंय. कारण यूएफडब्ल्यूच्या मुळातल्या नियमांत वरच एक नियम असतो: जे संभाषण आधीच सुरू झालंय, त्याची पॅकेट न विचारता जाऊ द्या. माझं सेशन जुनं, म्हणून ते टिकलं. नवं सेशन उघडलं असतं तर लगेच समजलं असतं. मी मोठ्या समाधानानं लॉगआउट केलं आणि डबा खायला गेलो. परत आलो तर आत जाता येईना. दोन तास मी पासवर्ड, की, वायफाय, सगळं तपासलं. फायरवॉल सोडून.

शेवटी सरांना सांगितलं. त्यांनी होस्टिंगवाल्यांच्या वेबसाइटवरून ब्राउझरमधला कन्सोल उघडला. तो नेटवर्कच्या वाटेनं येत नाही, मॉनिटर-कीबोर्ड थेट जोडल्यासारखा असतो, म्हणून फायरवॉल त्याला अडवत नाही. एक कमांड मारली आणि दोन मिनिटांत काम झालं. असा कन्सोल असतो हेच मला माहीत नव्हतं. घरात, नात्यात, गल्लीत फोन करून विचारायला या धंद्यातलं कुणी नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं आजही तेच आहे, म्हणून हे इतकं तपशिलात सांगतोय.

चूक माझी होती, ते मी मान्य केलं. पण संध्याकाळी चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "आजकाल कुणालाही घेतात." 'कुणालाही' म्हणजे कोण, ते तिथल्या सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. त्याच महिन्यात दुसऱ्या एकानं चालू डेटाबेसमधलं टेबल उडवलं होतं. त्याच्यावर नुसते विनोद झाले, त्याचं टोपणनाव पडलं, तोही हसायचा. त्याची चूक चूकच राहिली. माझी चूक माझ्या सर्टिफिकेटला जाऊन चिकटली. मग मी वर्षभर फायरवॉलला हातच लावला नाही. "सर, तुम्हीच करा," म्हणायचो. ही माझी दुसरी चूक, आणि पहिल्यापेक्षा मोठी. कारण त्या वर्षात शिकायचं राहिलं.

आता कामाचं बोलू. एकच नियम काढायचे तीन सुरक्षित मार्ग आहेत. पहिला अगदी साधा: खालून वर काढत या. आधी पाच, मग तीन. खालचा निघाला तर वरच्यांचे नंबर बदलत नाहीत. दुसरा: प्रत्येक वेळी यादी नव्यानं बघा आणि वाय दाबायच्या आधी यंत्र काय दाखवतंय ते वाचा. यूएफडब्ल्यू तिथे पूर्ण नियम छापतं. मला त्या दिवशीही त्यानं ऑफिसचा पत्ता दाखवला होता. मी वाचला नाही. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो: नंबर सोडून नियमाचं पूर्ण नाव घ्या. जसा घातला तसाच लिहा, फक्त पुढे डिलीट लावा. सुडो यूएफडब्ल्यू डिलीट अलाउ ८०८०. याचा आणखी एक फायदा आहे. पत्ता न देता पोर्ट उघडलं तर आयपीव्ही४ चा एक आणि आयपीव्ही६ चा एक, असे दोन नियम तयार होतात. नंबरानं काढलंत तर त्यातला एकच निघतो, दुसरा खाली तसाच पडून राहतो. पूर्ण नावानं काढलंत तर दोन्ही जातात. 'पोर्ट बंद केलं' असं सांगून झाल्यावर ते आयपीव्ही६ वरून उघडंच सापडलं, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

आयपीटेबल्सचीही हीच गत. वजा कॅपिटल डी, इनपुट, ३ असं लिहिलं की तिसरा नियम जातो आणि खालचे सरकतात. तिथे तर 'खरंच काढू का' असंही कुणी विचारत नाही.

एनएफटेबल्स लिहिणाऱ्यांनी हे दुखणं ओळखलं. तिथे प्रत्येक नियमाला हँडल नावाचा क्रमांक मिळतो. एनएफटी वजा ए लिस्ट रूलसेट असं लिहिलं की प्रत्येक नियमापुढे त्याचं हँडल दिसतं. वरचा नियम काढा, मधे नवा घुसवा, उरलेल्यांची हँडल जागची हलत नाहीत. यादीत तो कितव्या जागेवर आहे ही एक गोष्ट आणि तो कोण आहे ही दुसरी, असं वेगळं केलंय. फक्त सगळा रूलसेट उडवून फाइलीतून पुन्हा चढवला तर हँडल नव्यानं वाटली जातात, म्हणून कालचं हँडल वहीतून बघून आज वापरू नका.

फ्रीबीएसडीत आयपीएफडब्ल्यू आहे. नाव यूएफडब्ल्यूसारखं वाटतं, पण वंश वेगळा. तिथे नंबर आपण देतो, १ पासून ६५५३४ पर्यंत. तुम्ही नाही दिला तर ते शेवटच्या नंबरात १०० मिळवून पुढचा देतं. १००, २००, ३००. मधे जागा राहते, उद्या १५० घालता येतो. नंबर आपोआप सरकत नाहीत. पण एकाच नंबरावर दोन नियम बसू शकतात, आणि तो नंबर डिलीट केला की दोन्ही जातात. ६५५३५ हा शेवटचा नियम यंत्राचा स्वतःचा, तो काढता येत नाही. ज्याचा निकाल कुठेच लागला नाही, त्याचा तिथे लागतो. मूळ मांडणीत तो निकाल 'नाही' असाच असतो.

आणि ओपनबीएसडीचं पीएफ, जे २००१ च्या अखेरीस आलं आणि आज मॅकमध्येही आहे, त्यात तर उलटीच गंगा. बाकी ठिकाणी वरून खाली वाचत जाताना जो नियम पहिला जुळला तो लागू, पुढचे वाचायचेच नाहीत. पीएफमध्ये शेवटी जुळलेला लागू. 'क्विक' हा शब्द लावलेला नियम तेवढा जुळल्याबरोबर तिथल्या तिथे निकाल देतो. पीएफमध्ये चालू यादीतला एकच नियम उचलून काढायची सोयही नाही. फाइल बदलायची, पीएफसीटीएल वजा एनएफ देऊन नुसती तपासून घ्यायची, मग पूर्ण चढवायची. वारंवार बदलणारे पत्ते टेबलमध्ये ठेवले की एकेक पत्ता घालता-काढता येतो. मला ही शिस्त बरी वाटते, पण घाईच्या वेळी जीव खाते.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू. एका छोट्या संघटनेची वेबसाइट मी सुट्टीच्या दिवशी सांभाळतो. एकदा एका पत्त्यावरून तिच्या लॉगिन पानावर सारखा मारा चालू होता. समजा पत्ता २०३.०.११३.४५. तिथल्या एका हुशार पोरीनं लगेच नियम घातला: यूएफडब्ल्यू डिनाय फ्रॉम अमुक पत्ता. यंत्र म्हणालं, रूल अ‍ॅडेड. मारा मात्र चालूच. तिनं काढून पुन्हा घातला, तरी तेच. रात्री अकराला तिचा फोन आला, "दादा, फायरवॉल बिघडलीय."

फायरवॉल ठणठणीत होती. नवा नियम यादीच्या तळाला जाऊन बसला होता. वर एक नंबरला 'पोर्ट ४४३ सगळ्यांना उघडा' आहे. हल्लेखोराचं पॅकेट तिथेच जुळत होतं, आत जात होतं. तिच्या नियमापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. उपाय एका शब्दाचा: इन्सर्ट. सुडो यूएफडब्ल्यू इन्सर्ट १ डिनाय फ्रॉम तो पत्ता. आता तो सर्वांत वर.

हे डोळ्यांनी बघता येतं. प्रत्येक नियमाला काउंटर असतो, किती पॅकेट जुळली त्याचा. आयपीटेबल्स वजा एल, यूएफडब्ल्यू-यूजर-इनपुट, वजा एन, वजा व्ही, आणि लाइन नंबर्स. डावीकडच्या रकान्यात आकडे येतात. तिच्या नियमापुढे शून्य होतं. नियम यादीत आहे, व्याकरण बरोबर आहे, यंत्रानं स्वीकारलाय, आणि एकदाही लागू झालेला नाही.

आपल्या लोकांना हे समजावून सांगायला मला महाड पुरतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळ्यापुरता तसाच ठराव केला. म्हणजे नियम घातला गेला, पुस्तकात चढला. पण त्याच्या वर रूढीचा नियम बसलेला होता आणि माणूस तळ्याकडे निघाला की तोच आधी जुळायचा. काउंटर शून्य. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांना घेऊन जाऊन ते पाणी घेतलं, तेव्हा तो हलला. उपमा इथेच सोडतो, फार ताणली की तुटते. फायरवॉल दुरुस्त करायला एक शब्द लागतो.

शून्य दिसला की नियम निरुपयोगी, असंही धरू नका. यंत्र रीस्टार्ट झालं की काउंटर पुन्हा शून्यापासून सुरू होतात. काही नियम वर्षातून एकदाच लागतात, ऑडिटवाल्यांसाठी उघडलेला वगैरे. म्हणून काढण्याआधी विचारायचं: हा कुणी घातला, का घातला?

आणि इथे खरी गोची आहे. बहुतेक ठिकाणी याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं. ते एका माणसाच्या डोक्यात असतं. "तो रूल का आहे ते सरांनाच माहीत, हात लावू नको." सर रजेवर गेले की सगळं थांबतं, आणि सर त्यातच खूश असतात. आपण जिथून आलो तिथे हा प्रकार नवा नाही. कुणाकडे तरी पोथी असायची, आपल्याला नुसतं 'शिवू नको' एवढंच सांगितलं जायचं.

म्हणून तुम्ही घातलेल्या प्रत्येक नियमाला शेरा लावा. यूएफडब्ल्यूत शेवटी कॉमेंट असं लिहून अवतरणात मजकूर द्यायचा. आयपीटेबल्समध्ये वजा एम कॉमेंट, एनएफटेबल्समध्येही कॉमेंट. काय लिहायचं? कुणासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला, कधी काढायचा. 'मॉनिटरिंगसाठी, तिकीट अमुक, ३१ मार्चला काढणे.' त्या कंत्राटदाराच्या नियमाला असा शेरा असता तर तो माणूस गेल्यावर कुणीही काढला असता, तीन-पाचचा खेळच झाला नसता. हे केल्यानं तुमची किंमत कमी होईल अशी भीती वाटते बऱ्याच जणांना. माझा अनुभव उलटा आहे. तुमच्यानंतर येणारी मुलगी तुमचं नाव काढते.

हात लावण्याआधीची तयारीही सांगून ठेवतो. आधी आहे ती स्थिती फाइलीत उतरवून घ्या: आयपीटेबल्स-सेव्ह, किंवा एनएफटी लिस्ट रूलसेट. मग दुसरं टर्मिनल. पहिलं सेशन उघडं ठेवायचं, बदल करायचा, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन होतंय का बघायचं. झालं तरच पहिलं बंद. ही एक सवय लावली असती तर माझे ते दोन तास आणि पुढचं वर्ष वाचलं असतं.

दूरच्या सर्व्हरवर असाल, कन्सोल हाताशी नसेल, तर परतीचं तिकीट आधी काढा. आयपीटेबल्स-अप्लाय नावाचं साधन आहे, ते नवे नियम चढवून तुम्हाला विचारतं, अजून आत आहात का? काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर जुने नियम आपोआप परत आणतं. यूएफडब्ल्यू असेल तर 'अ‍ॅट' या कमांडनं पाच मिनिटांनंतर यूएफडब्ल्यू डिसेबल व्हावं असं काम लावून ठेवा, सगळं नीट झालं की ते काम रद्द करा. मात्र लक्षात घ्या, डिसेबल म्हणजे सगळी दारं सताड. डेटाबेसवाल्या सर्व्हरवर हे करू नका.

आयपीटेबल्सवर एक गोष्ट कधीच करू नका: मूळ धोरण ड्रॉप असताना वजा कॅपिटल एफ. 'सगळे नियम पुसून नव्यानं सुरू करू' अशा सद्‌हेतूनं लोक मारतात. नियम पुसले जातात, धोरण तसंच राहतं, आणि परवानगी देणारा एकही नियम उरत नाही. इथे जुनं सेशनही वाचत नाही, कारण जुन्यांना जाऊ देणारा नियमही त्यातच पुसला गेला.

डॉकरचं एक वाक्यात: डॉकरनं बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या वाटेनं येतच नाही, डॉकर स्वतःचे नियम वेगळ्या साखळीत घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूत 'बंद' दिसणारा डेटाबेस जगाला उघडा असू शकतो. पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लावा. हा स्वतंत्र रविवारचा विषय आहे, तो पुढच्या वेळी.

बोलणं पुरे. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर उबुंटूचं व्हर्च्युअल मशीन टाकायला मागच्या वेळी सांगितलं होतं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी शेजाऱ्याचा घ्या, दोघांत एक चालेल. सहा नियम घाला, मी मघाशी सांगितले तसेच. मग तीन काढा, नंतर पाच काढा, लॉगआउट करा आणि बाहेर अडकून बघा. अडकल्यावर मला हाक मारू नका. आधी कन्सोल शोधा.